उजव्या पायाची चप्पल

हिराबायच्या ताडीच्या दुकानात शिरणारा माणूस दोन्ही चपला उंबऱ्याबाहेर काढायचा आणि त्यातली उजव्या पायाची उचलून तिच्या हातात द्यायचा. ती चप्पल बाकड्याखालच्या लाकडी खोक्यात पडली की मगच ग्लास पुढे यायचा. मग तो माणूस आत बसून बोलू दे, गाऊ दे, रडू दे, हिराबाय मध्ये पडायची नाही. पण त्याला पुरे झाली असं तिला वाटलं की ती वाकून खोक्यात हात घालायची आणि त्याची चप्पल टेबलावर, ग्लासाच्या शेजारी आणून ठेवायची.

"ही घे. घरा जा."

त्यानंतर त्याला थेंबही मिळायचा नाही. कुणी हट्टाने बसून राहिलाच तर ती ओरडायची नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहायची. तिच्या त्या बघण्यापुढे दांडगे दांडगे लोक मान खाली घालून उठलेले मी पाहिले आहेत.

मी हे सगळं बाहेरून पाहिलं. आम्ही साताऱ्याकडचे. आबा वाशीच्या मार्केटात माथाडी होते, आणि आम्ही घणसोली गावात एका खोलीत भाड्याने राहत होतो. मी नेरूळच्या कॉलेजात कॉमर्सला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे आई मला कुठलंही जड काम सांगायची नाही. एकच काम सांगायची. दिवेलागणीला आबांना हिराबायकडून घेऊन यायचं.

हिराबाय मला आत येऊ द्यायची नाही. उंबऱ्याबाहेर एक उलटी बादली असायची, तिच्यावर मी बसायचं, असा तिचा नियम. उकडलेल्या शेंगांची मूठ माझ्या ओढणीत टाकून ती विचारायची, "कालेजान काय शिकतंस गो?"

"कॉमर्स."

"म्हंजे काय?"

"व्यापार. धंदा."

"मंग माना सांग, ताडी उन्हान आंबट झाली तं काय करायचं?"

मी शेंगा सोलत राहायचे. ती दात नसलेल्या बाजूने हसायची. "मंग बापाच्या पाठीवंचं ओजं वारवतंस कशाला?" आणि लगेच आणखी शेंगा द्यायची, म्हणजे मला राग येऊ नये.

चपलांची ही रीत तिने का काढली, याच्या गावात दोन-तीन गोष्टी होत्या. काही म्हणायचे, तिचा नवरा पिऊन मिठागराच्या बांधावरून गेला आणि सकाळी बांधावर त्याची एक चप्पल तेवढी सापडली. मी एकदा धीर करून तिलाच विचारलं. ती म्हणाली, "एका चपलेवं मानूस दुसऱ्याच्या दुकानान जात नाय. गिऱ्हाईक बांधून ठेवाया लागतंय पोरी, हा पन धंदाच हाय." मग ती बराच वेळ ग्लास पुसत राहिली. खरं काय ते मला अजून ठाऊक नाही.

आबा तिचं गिऱ्हाईक झाले ते एका अपघातानंतर. त्याआधी ते कुठेही प्यायचे, मिळेल ते प्यायचे. एकदा पहाटेच्या पाळीला ते तसेच गेले. ट्रकला लावलेल्या फळीवरून पोतं घेऊन उतरताना त्यांचा पाय चुकला आणि पोतं खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या पायावर पडलं. त्याचं हाड मोडलं नाही, पण तो महिनाभर घरी होता. जाधव मुकादम आमच्या खोलीवर आले. चहाला हात न लावता म्हणाले, "शंकरराव, टोळी म्हंजे एक जीव असतोय. एकाचा पाय घसरला की थप्पी दुसऱ्याच्या अंगावर येती. ह्या खेपंला मी टोळीची समजूत काढलीया. पुन्यांदा तोंडाला वास आला, तर नाव काढाय सांगनार. मग माझ्याकडं येऊ नका."

आबा जमिनीकडे बघत होते. टोळीतून नाव गेलं म्हणजे मार्केट गेलं, खोली गेली. गावी परत जायचं, आणि गावी माझ्यासाठी कॉलेज नव्हतं, एक स्थळ तेवढं येऊन बसलेलं होतं. हे कुणी बोललं नाही. पण मुकादम गेल्यावर आई माझ्या पुस्तकांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी आईने आबांची उजव्या पायाची चप्पल पदराखाली घेतली आणि ती हिराबायकडे गेली. आई ताडीच्या दुकानाच्या दारात कधी उभी राहिली नव्हती. मी मागे होते.

"मावशी," आई म्हणाली, "हे सोडतील म्हनून मी बोलत न्हाई. सोडायची शपथ चार येळा खाऊन झाली. पन प्यायची तर तुमच्याकडंच. आन् तुमी म्हनाल तेवढीच. चप्पल तुमच्याकडं."

हिराबायने चप्पल घेतली, उलटी-सुलटी करून बघितली. "घाटी हाय ना? घाटी लोकांच्या चपला जर असतान," ती वजन तोलत म्हणाली. "ठेवते."

तेव्हापासून आबा तिच्याकडे जात. पहिल्यांदा दोन ग्लास, मग एक. ती त्यांना 'घाट्या' म्हणायची, ते तिला 'मावशी' म्हणायचे. कधी कधी तर ग्लास अर्धा असतानाच चप्पल टेबलावर यायची. "ए घाट्या, उद्या कांद्याच्या गारया हायेत ना? ऊठ." मार्केटात कुठला माल कधी येणार ते तिला आबांनीच कधीतरी सांगितलेलं असायचं. आबा कुरकुरत उठायचे. पण उठायचे.

असं वर्षभर चाललं असेल. मग निळा बोर्ड आला.

बारचं नाव काहीतरी इंग्रजी होतं, पण सगळे त्याला निळा बोर्डच म्हणायचे. वाशीत आधी एक होता, मग कोपरखैरण्यात, नेरूळला स्टेशनाजवळ. सगळीकडे तोच बोर्ड, तसंच काचेचं दार, तशाच लाल खुर्च्या. बिअर स्वस्त आणि बसायला एसी. तोवर बार म्हटला की हायवेवरचा, पैसेवाल्यांचा. हे लोक मात्र थेट वस्तीत, गल्लीच्या तोंडाशी येत होते. हिराबायच्या गल्लीच्या तोंडाशी जी नवी इमारत झाली, तिच्या तळमजल्यावर त्यांनी तीन गाळे घेतले.

ती इमारत नव्या शहरासाठी सरकारने घेतलेल्या हिराबायच्याच जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या भूखंडावर होती. तिच्या मुलाने, रमेशने, साडेबारा टक्क्यांचा तो भूखंड बिल्डरला दिला होता. योगायोग असा की तो भूखंड तिच्या जुन्या भाताच्या शेतातच निघाला. रमेश वाईट नव्हता. तो म्हणायचा, "आये, ताडीचं दुकान किती दिस चालवशील? लोकांना आता बसाया खुर्ची लागते." उद्घाटनाच्या दिवशी त्याने आईला बोलावलं, तेव्हा ती दुकानाच्या दारात बसून खोका झाडत होती.

पहिल्या आठवड्यात गंमतच झाली. गावातली आणि चाळीतली माणसं निळ्या बोर्डाकडे गेली, आणि सवयीने सगळ्यांनी चपला काचेच्या दाराबाहेर काढल्या. इतक्या चपला की तिथे देऊळ आहे असं वाटावं. हिराबाय संध्याकाळी टोपली घेऊन गेली, शांतपणे वाकून एकेक उजव्या पायाची चप्पल उचलली आणि टोपलीत भरून दुकानात आणली. तासाभराने तिच्या दारात रांग लागली. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, तोंडं पडलेली.

"हिराबाय, माझी दे ना."

"कनची तुजी?"

"ती अंगठा तुटलेली."

"अंगठा तुटलेली चप्पल घालून एसीन बसाया गेलास? बायकोला लुगरं घेतलंस का दिवालीला?"

बाकीचे हसायचे, मग त्यांचीही पाळी यायची. प्रत्येकाला तिने एकेक वाक्य ऐकवलं आणि चप्पल दिली. आबा त्या दिवशी तिच्याच बाकावर बसून हसत होते. त्यांची चप्पल खोक्यात होती. मीही बादलीवर बसून हसले. आम्हाला वाटलं, हिराबाय जिंकली.

पण निळ्या बोर्डाच्या मॅनेजरने दुसऱ्याच दिवशी दाराशी वॉचमन उभा केला. "चप्पल पेहनके अंदर, भाऊ. अंदर कुणी काढत नाही." माणसं आधी बिचकली. एसीत, चकचकीत फरशीवर, चिखलाच्या चपला घालून जायचं म्हणजे त्यांना चुकल्यासारखं वाटायचं. मग सवय झाली. काही दिवसांनी कुणी दारात थांबेनासं झालं. माणसं चपलांसकट आत जायला शिकली, आणि हिराबायचा खोका रिकामा पडू लागला. संध्याकाळी खोक्यात चार-पाच चपला असायच्या. आबांची त्यात असायची.

आबांना जास्त दिवस तसं राहता आलं नाही. टोळीत नवी पोरं आली होती. ती निळ्या बोर्डात बसायची. मार्केटात त्यांची चेष्टा सुरू झाली. "शंकरमामा अजून म्हातारीच्या पदराखाली पितोय." "मामा, तुमची चप्पल म्हातारीकडं, मामीकडं काय हाय?" आबा घरी येऊन हे सांगायचे नाहीत. मला ते एका शेजाऱ्याकडून कळलं. आबा मात्र हिराबायकडे बोलेनासे झाले. ग्लास पुढे आला की संपवायचे आणि चप्पल मागायचे, तिने देण्याआधी.

मग ती रविवारची संध्याकाळ आली. मी पोहोचले तेव्हा आबा उभे होते आणि ग्लास भरलेला तसाच होता.

"मावशी, माझी चप्पल द्या."

"अजून पिलास कुटं?"

"नगं. द्या."

हिराबायने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग खोक्यात हात घालून चप्पल काढली, पण टेबलावर ठेवली नाही. हातात धरून म्हणाली, "उद्या पहाटं गारया हायेत ना?"

"हायेत."

"मुकादम असंल?"

आबांनी चप्पल तिच्या हातातून घेतली, उंबऱ्यावर पायात घातली आणि गल्लीच्या तोंडाकडे चालू लागले. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. मी बादलीवरून उठले. काय करावं कळेना. घरी जाऊन आईला सांगावं, की त्यांच्या मागे जावं? निळ्या बोर्डाच्या काचेच्या दारात मुली उभ्या राहत नसत. मी अर्ध्या गल्लीत थांबले. आबांनी काचेचं दार ढकललेलं मला दिसलं. चपला पायातच होत्या.

मी परत आले तेव्हा हिराबाय दुकानाची फळी लावत होती. एवढ्या लवकर ती दुकान कधी बंद करत नसे. तिला दमा होता, चार पावलं चालली की छाती वाजायची. ती म्हणाली, "चल."

"आजी, मी कशी येऊ?"

"पायांनी."

वॉचमनने तिला दारात अडवलं. "मावशी, लेडीज अलाऊड नाय." आतून मॅनेजरही आला. तो पोरगाच होता, टाय लावलेला, जरा घाबरलेला. "मावशी, प्लीज. गिऱ्हाईक लोक काय म्हणतील? आमच्या मालकाला फोन जाईल. टेन्शन होईल."

हिराबाय खाली फरशीकडे बघत होती. "ही जागा ना," ती म्हणाली, "हितं बांध व्हता. मी हितं भात लावलाय, रम्या पोटान व्हता तवा. माना हितनं कोन उठवतंय ते बघते."

तिने आपल्या दोन्ही चपला काढून हातात घेतल्या आणि आत गेली. मॅनेजरने वॉचमनकडे पाहिलं. रमेशच्या आईला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही. तिच्या मागे मीही गेले. आत इतका गारठा होता की मी ओढणी अंगाभोवती घट्ट घेतली.

आबा टोळीतल्या दोन पोरांबरोबर कोपऱ्यात बसले होते. त्यांच्यापुढे बाटली होती, ग्लास निम्मा झाला होता. आम्हाला बघून पोरं उठून हसली. "मामा, सासू आली वाटतं!" आबांचा चेहरा पांढरा पडला. "पोरी, तू हितं? आईनं धाडली? जा घरी."

हिराबायने लाल खुर्ची ओढली आणि आबांच्या समोर बसली. मग तिने आपल्या उजव्या पायाची चप्पल, जिचा पट्टा सेफ्टीपिनेने अडकवलेला होता, टेबलावर आबांच्या ग्लासाशेजारी ठेवली.

"घाट्या, इतकी वरसं मी चपला राखल्या. आज तू माजी राख. तू देशील तवा मी घरा जाईन."

"मावशी, हितं गारठा हाय. तुमाला सोसायचा न्हाई. जावा."

"चप्पल तुज्याकरं हाय. कशी जाऊ?"

वेटर आला. "क्या लाऊं, मावशी?"

"पानी हान."

पोरं हळूहळू हसायची थांबली. आबा ग्लासाकडे बघत होते, मग चपलेकडे, मग पुन्हा ग्लासाकडे. त्यांचा हात ग्लासावर होता. त्यांनी तो उचलला, ओठांपर्यंत नेला, आणि एवढ्यात हिराबाय खोकली. आधी थोडं, मग थांबेना. वरच्या एसीची हवा थेट तिच्या पाठीवर येत होती. तिने पदर तोंडावर धरला, पण ती हलली नाही. खोकला थांबला की ती पुन्हा आबांकडे बघायची, तशीच, ती दुकानात बघायची तशी. नंतर पुन्हा खोकला. मी म्हणाले, "आबा."

आबांनी ग्लास ठेवला. एका पोराने कुजबुजत म्हटलं, "मामा, बाटली तरी संपवा." आबांनी टेबलावरची चप्पल उचलली. पँटला घासून तिचा तळ पुसला. मग खुर्चीवरून खाली वाकले, पंचावन्न किलोची पोती उचलणारा माझा बाप, आणि ती चप्पल हिराबायच्या पायात घातली.

"चला मावशी," ते म्हणाले.

पहाटे ते पाळीला गेले. आई उंबऱ्यात बसून राहिली. मी पुस्तक उघडलं होतं, पण एक ओळ वाचली नाही. त्यांनी बार सोडला असला तरी पोटात काही गेलंच होतं, आणि मुकादमाचं नाक सगळ्यांना माहीत होतं. दुपारी आबा आले, डोक्यावरून पाणी घेतलं.

"काय म्हनलं मुकादम?" आईने विचारलं.

"काय न्हाई. जवळ आला, हुंगलं, म्हनला, कांदा खाल्लास व्हय रात्री? व्हय म्हनलं. मग थप्पी लावाय लागलो."

आईने तोंडाला पदर लावला. हसली की रडली, ते मी बघितलं नाही.

त्यानंतर हिराबायची छाती सुधारली नाही. ती काही महिने दुकानात बसत राहिली, पण ग्लास भरायला रमेशची बायको यायची. मी कॉलेजातून येताना तिच्याजवळ थांबायचे. ती बोलताना थांबत थांबत बोलायची. एकदा म्हणाली, "लायसन आता रम्या घालवील. चांगलंच हाय. ताडीची झारं पन तोरली." मग म्हणाली, "तुज्या बापसाला सांग, मी चपला राखायची नोकरी सोरली." मला वाटलं ती थट्टा करते आहे. घरी येऊन मी आबांना तसं सांगितलं.

मी शेवटच्या वर्षाला असताना ती गेली. मयतीला सगळं गाव होतं, निळ्या बोर्डात बसणारे कितीतरी होते. दोन-चार दिवसांनी आबा आणि मी तिच्या घरच्यांना भेटायला गेलो. रमेश ओट्यावर बसला होता. तो आबांना म्हणाला, "आये तुमचं नाव काडायची, घाट्या, घाट्या करून." आबांनी मान हलवली. दुकान बंद होतं. बाहेरची बादली तशीच उलटी होती.

आम्ही बाहेर आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. ओट्याखाली पुष्कळ चपला होत्या. आबा आपल्या चपलांसमोर उभे राहिले आणि बराच वेळ त्यांनी पाय घातले नाहीत. मला वाटलं, सापडत नाहीत.

"काय झालं, आबा?"

"दोन्ही हितंच हायत," ते म्हणाले.

गल्लीच्या तोंडाशी निळा बोर्ड पेटला होता. तिथून पुढे गेल्याशिवाय आमची खोली येत नव्हती. आबांनी डावी चप्पल पायात घातली. उजवी उचलली, झटकली, आणि माझ्या हातात दिली.

"धर."

मी ती कॉलेजच्या पिशवीत ठेवली नाही, हातातच धरली. आम्ही निळ्या बोर्डासमोरून गेलो. आबांचा एक पाय खडीवर जपून पडत होता. काचेच्या दारातून कुणीतरी हाक मारली, "मामा!" त्यांनी हात वर केला आणि चालत राहिले.

आई दारात उभी होती. तिने आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. तिने चपलेसाठी हात पुढे केला.